मीटरचं सील

मिलिंद वसाहत, गंगापूर रोड, नाशिक
१९ जानेवारी १९८६

चि. यादव,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

गाडी आली. तीन वर्षांपूर्वी नाव नोंदवलं तेव्हा तू हसला होतास, "आत्या, गाडी येईपर्यंत तू रिटायर होशील." अजून सहा वर्षं आहेत म्हटलं मला! पांढरी आहे. शोरूमपासून कादरभाईंनी चालवत आणली. वसाहतीच्या फाटकापासून दारापर्यंत मात्र मी आणली, आणि एकदाही बंद पडली नाही. लंकाबाई शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "बाई, आता तुम्ही आम्हाला ओळख दाखवणार का?" बावीस वर्षं एस.टी.च्या थांब्यावर उभी राहिले, यादव. गुडघे गेले ते त्या थांब्यांवर. तुझे बाबा असते तर आज गाडीभोवती दहा वेळा फिरले असते.

कादरभाई म्हणजे कादर पिंजारी, द्वारका चौकाजवळ गॅरेज आहे त्यांचं. मला गाडी त्यांनीच शिकवली. फी विचारली तर म्हणाले, "माजिदाला तुम्ही शिकवता, तुम्हाला मी शिकवतो. फिट्टंफाट." माजिदा त्यांची मुलगी, आमच्या शाळेत आठवीत आहे. हुशार आहे आणि अक्षर तर छापल्यासारखं.

आता काम सांगते. गाडीबरोबर एक पुस्तक दिलंय, सगळं इंग्रजीत. शोरूममधला माणूस म्हणाला, "मॅडम, यात लिहिल्याप्रमाणे केलं नाही तर वॉरंटी जाते." मी इतिहास-मराठी शिकवणारी बाई, शब्द लागतात पण वाक्य लागत नाही. पुस्तक रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. स्टेशनवर तिकिटं देऊन झाली की रोज दोन पानं मराठीत उतरव. मुलांना शाळेचे नियम पाठ करायला लावते, तर माझेही नियम मला पाठ हवेत.

तुझी
विमल आत्या


रेल्वे क्वार्टर्स, इगतपुरी
९ फेब्रुवारी १९८६

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

पुस्तक आणि माझी वही दोन्ही पाठवली आहेत. वॉरंटी म्हणजे हमी. बारा महिन्यांत कारखान्याच्या चुकीने काही बिघडलं तर ते फुकट दुरुस्त करतात. आपल्या चुकीने बिघडलं तर नाही. मी एकंदर चौदा नियम काढले आहेत. मुख्य तेवढे इथे सांगतो.

पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत चाळीसच्या वर जायचं नाही. हजारला पहिली आणि पाच हजारला दुसरी सर्व्हिस, दोन्ही फुकट, पण त्यांच्याच वर्कशॉपमध्ये. पुस्तकातलं कुपन फाडून द्यायचं, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर हमी नाही. इंजिनचं तेल आणि रेडिएटरचं पाणी दर आठवड्याला पाहायचं. नववा नियम: इंजिन तापलं तर गाडी थांबवून थंड होऊ द्यायची, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. अकरावा: मीटरच्या तारेला खाली शिशाचं छोटं सील आहे, ते तुटलेलं दिसलं तर हमी रद्द. गाडी किती चालली ते कुणी लपवू नये म्हणून हे.

एक गोष्ट सांगायची होती. कल्याणहून एक स्थळ आलं आहे. मुलीचं नाव सुमन, बी.ए. झाली आहे. वडील रेल्वेतच आहेत, माझ्यापेक्षा खूप वरच्या जागेवर. एप्रिलमध्ये ते लोक इगतपुरीला येतील. तेव्हा दोन दिवस गाडी मिळाली तर बरं दिसेल. तुला योग्य वाटलं तरच.

तुझा
यादव


नाशिक
३० मार्च १९८६

चि. यादव,
आशीर्वाद.

तुझे चौदा नियम मी मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावले आहेत. मीटरचा आकडा रोज एका वहीत टिपते. पहिली सर्व्हिस झाली, शिक्का मिळाला. तेल बदललं, सगळे बोल्ट आवळले. वर्कशॉपचा साहेब म्हणाला, "मॅडम, इतकी नीट ठेवलेली गाडी क्वचित येते."

दर रविवारी सकाळी कादरभाई येतात. मी एकेक नियम वाचते आणि ते पाहतात. तेल, पाणी, बॅटरी, चाकांतली हवा. अकराव्या नियमाला हसले. म्हणाले, "बाई, सीलला हात लावणारा मेकॅनिक नसतो, चोर असतो." मग चहा पितात आणि माजिदाच्या गणिताची चौकशी करतात.

गाडी ने. तुझ्या बाबांच्या मागे तू पाचवीपासून माझ्याकडे वाढलास, तुला नाही म्हणणार का? शनिवारी २६ तारखेला ने आणि सोमवारी आण. एकच अट. घाट उतरायचा नाही. इगतपुरीपर्यंत जा, पाहुण्यांना स्टेशनवरून आण, क्वार्टरवर ने, बस. अजून इंजिन नवं आहे, चढाला लावू नको.

मुलीकडच्यांना सांग, तुझी आत्या तुला ओवाळायला येईल, नुसती गाडी धाडणार नाही. पण तारीख ठरू दे.

विमल आत्या


इगतपुरी
४ मे १९८६

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

गाडीबद्दल आभार मानले तर तू रागावशील, तरी मानतो. सोमवारी घाईत निघालो, ड्यूटी होती, म्हणून चहाही नीट घेतला नाही. गाडी व्यवस्थित चालली. मीटर तू पाहिलाच आहेस.

त्यांच्याकडून होकार आला आहे. लग्न पुढच्या फेब्रुवारीत करायचं म्हणतात. सुमनच्या वडिलांना आपलं घर आवडलं. बाकी सगळं ठीक.

तुझा
यादव


नाशिक
२० जुलै १९८६

चि. यादव,
आशीर्वाद.

दोन आठवडे तुला लिहीन लिहीन म्हणते, पण हात उचलत नव्हता.

आठ तारखेला ओझरला निघाले होते. तिथल्या विमान कारखान्यातल्या आपल्या लोकांनी मुलींच्या बक्षीस समारंभाला बोलावलं होतं. आडगावपाशी बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी नवव्या नियमाप्रमाणे गाडी लगेच बाजूला घेतली, पाणी ओतलं नाही, तासभर थांबले. पण ती पुन्हा सुरू झालीच नाही. ट्रकला बांधून वर्कशॉपमध्ये न्यावी लागली.

साहेबाने तेलाची कांडी काढून दाखवली. तेल दुधाळ चहासारखं झालं होतं, त्यात पाणी गेलं होतं. म्हणाला, इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलंय, ही गाडी कधीतरी भयंकर तापली होती. मी म्हटलं, शक्य नाही, माझ्या वहीत सगळं लिहिलंय, हमीत बसवा. तो खाली वाकला, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. "मॅडम, मीटरचं सील तुटलंय. तार काढून गाडी चालवली आहे. आम्ही काही करू शकत नाही." चार माणसं उभी होती तिथे. मी मुख्याध्यापिका, यादव. परीक्षेत चिठ्ठी सापडलेल्या मुलीसारखी त्या चौघांसमोर उभी होते.

घरी येऊन मीटरची वही काढली. माझ्याशिवाय गाडी दोनदाच कुणाकडे होती. एकदा तुझ्याकडे, तेव्हा मीटर शहाण्णव किलोमीटर पुढे गेला, नाशिक-इगतपुरी जाऊन-येऊन बरोबर तेवढंच होतं. आणि दुसऱ्यांदा मे महिन्यात, मी पुण्याला प्रशिक्षणाला गेले तेव्हा. बॅटरी उतरू नये म्हणून रोज पाच मिनिटं सुरू करायला मी कादरभाईंकडे किल्ली ठेवली होती. चार दिवस. मीटर एक किलोमीटरही हलला नव्हता. तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं!

रविवारी ते आले. मी फाटकातच विचारलं, गाडी कुठे फिरवलीत. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला असं वाटतं?" मी म्हटलं, वही खोटं बोलत नाही. लोक जमले होते. मी जरा जास्तच बोलले असेन. त्यांनी किल्ली फाटकाच्या खांबावर ठेवली आणि गेले.

चौदा नियम दारावरून काढून टाकले आहेत.

विमल आत्या


इगतपुरी
३ ऑगस्ट १९८६

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. इथे पाऊस इतका आहे की टपालही उशिरा मिळतं, म्हणून उत्तराला वेळ झाला.

तू मनाला लावून घेऊ नकोस. गाडी लोखंडाची आहे, दुरुस्त होईल. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ली द्यायला नको होती एवढंच. पण झालं ते झालं. त्या माणसाला आणखी काही विचारत बसू नकोस, विषय संपवून टाक.

यादव


नाशिक
१४ सप्टेंबर १९८६

चि. यादव,

गाडी दुरुस्त होऊन दारात उभी आहे. फारशी काढत नाही.

तू लिहिलंस विषय संपव. तो संपत नाही. माजिदा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून शाळेत आलेली नाही. आधी वाटलं आजारी असेल. परवा शिपाई यशोदाबाईंना भद्रकालीत त्यांच्या घरी पाठवलं. खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, सगळे मालेगावला गेले, कादरच्या भावाकडे. तो यंत्रमाग दुरुस्त करतो. गॅरेज दुसऱ्याला दिलं.

शाळा सोडल्याचा दाखला नेलेला नाही. दाखल्यावर माझी सही लागते. माझ्या दारात येऊन तो मागायचा नाही म्हणून नेला नाही, आणि दाखल्याशिवाय दुसरी शाळा तिला घेणार नाही. हे मला कळतंय आणि मी टेबलाशी बसून आहे.

आणखी एक आठवलं. मे महिन्यातच, मी पुण्याला जायच्या आधी, कादरभाई म्हणाले होते, "बाई, गाडी पाणी कमी करते आहे, वर्कशॉपला दाखवा." मी म्हटलं, दुसऱ्या सर्व्हिसला दाखवू. ज्याने गाडी तापवली तो माणूस असं आधी कशाला सांगेल? तुझं डोकं या बाबतीत चालतं. तुला काय वाटतं ते लिही.

विमल आत्या


नाशिक
१९ ऑक्टोबर १९८६ (कार्ड)

चि. यादव, माझ्या पत्राचं उत्तर नाही. धम्मचक्र दिनालाही आला नाहीस. आजारी आहेस का? मालेगावच्या एका बाईंकडून कळलं, माजिदा घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरते. लग्नाची खरेदी सुरू कर. तुझी वरात आपल्याच गाडीतून काढू, तेवढ्यासाठी तरी ती नीट झाली म्हणायची. वि. आत्या


इगतपुरी
३० नोव्हेंबर १९८६

आत्या,

तुझं कार्ड सव्वा महिना खिशात आहे. आता त्यावरची शाई पुसली गेली आहे, पण मला पाठ आहे.

सील मी तोडलं.

सगळं सांगतो. शनिवारी गाडी घेऊन इगतपुरीला आलो. रविवारी सुमनचे वडील, दोघे भाऊ आणि सुमन आले. भाऊ गाडीभोवती फिरले आणि विचारलं, "तुमची का?" मी हो म्हटलं. एवढा एकच शब्द. तो म्हटल्यावर पुढचं सगळं त्याच्या मागून येत गेलं. जेवण झाल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, मग कल्याणला गाडीनेच सोडा ना. मालक असतो तर नाही म्हणालो असतो. मालक नव्हतो म्हणून म्हणता आलं नाही.

निघण्याआधी मी गाडी लोको शेडकडे नेली. बुधा म्हणून मित्र आहे तिथे. त्याने पक्कडीने सील कापलं आणि मीटरची तार सोडवून दिली. अकरावा नियम मीच मराठीत लिहिला होता. लिहिताना 'कुणी लपवू नये म्हणून हे' असं स्वतःचं वाक्यही वर जोडलं होतं.

पाचजण गाडीत बसून घाट उतरलो. रात्री कल्याणला ठेवून घेतलं. सोमवारी सकाळी दोघे भाऊ पुन्हा बसले, त्यांचे दोन मित्रही बसले, म्हणे इगतपुरीची हवा खाऊन रेल्वेने परत येऊ. कसाऱ्याच्या वर चढाला तापमानाचा काटा लाल रेषेच्या पलीकडे गेला. मला दिसत होता. भाऊ म्हणाला, दाबा, नवी गाडी आहे. वाफ आली तेव्हाच थांबलो. त्यांना घाई होती, तासभर उन्हात कोण उभं राहणार? कुणीतरी टपरीवरून बादली आणली आणि मी उकळत्या इंजिनात गार पाणी ओतलं. आतून काच तडकल्यासारखा आवाज आला. त्यांना इगतपुरीला उतरवलं, बुधाकडून तार लावून घेतली आणि नाशिकला आलो. म्हणून तुझ्या वहीत शहाण्णव.

आता याहून वाईट. सोमवारी तू आत चहा ठेवायला गेलीस. कादरभाई पंप परत करायला आले होते. त्यांनी गाडीच्या नाकावर हात ठेवला, मग खाली वाकून पाहिलं. हळू आवाजात मला म्हणाले, "यादवभाऊ, बाईंना तुम्ही सांगा. मी मध्ये पडत नाही. पण लवकर सांगा, गाडीने मार खाल्लाय." मी म्हटलं, आज रात्रीच पत्र टाकतो.

त्यांना माहीत होतं, आत्या. तू फाटकात विचारलंस तेव्हाही त्यांना माहीत होतं. आणि मी तुला लिहिलं, बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ली द्यायला नको होती. ते वाक्य लिहून मी पत्र चिकटवलं, पेटीत टाकलं आणि ड्यूटीवर गेलो.

मी तोंड दाखवायला येणार नाही. तू म्हणशील ते करीन.

यादव


नाशिक
७ डिसेंबर १९८६

यादव,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत तुझ्यावर रागवायची माझी लायकी आहे का, हा प्रश्न पडला.

मी तुला जुलैत लिहिलं होतं, 'जरा जास्तच बोलले असेन.' काय बोलले ते लिहिलं नव्हतं. आता लिहिते. पंधरा-वीस माणसांसमोर मी म्हणाले, "तुमच्या लोकांचं हे असंच असतं."

तुझी आजी, माझी आई, गावात पाटलाची घागर हरवली तेव्हा तिच्या दारात चौघे आले होते. मी सात वर्षांची होते. त्यांनी आमची भांडी उलटी करून पाहिली. घागर नंतर विहिरीत सापडली, पण सांगायला कुणी आलं नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, घागरीचं दुःख नाही, 'तुमच्या लोकांचं असंच' म्हणाले त्याचं आहे. आणि तेच वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, यादव. शोधावंही लागलं नाही. तुझ्या शहाण्णव किलोमीटरवर मी एका क्षणात विश्वास ठेवला आणि सहा महिने दर रविवारी येणाऱ्या माणसावर नाही. तू खोटं बोललास. ते खरं मानायला मी टपून बसले होते.

तू मालेगावला जा. एकटा जा. सोबत माजिदाचा दाखला पाठवते आहे, सही करून. आधी तू सांग. ते म्हणतील ते ऐकून घे, उलट बोलू नको, रडूही नको. मग मला लिही.

विमल


इगतपुरी
२९ डिसेंबर १९८६

आत्या,

काल जाऊन आलो. कादरभाईंच्या भावाचं घर मागांच्या मध्ये आहे, बोललेलं ऐकू येत नाही. ते हात पुसत बाहेर आले. मला पाहून थांबले, मग म्हणाले, "चला, तिकडं चला, इथं आवाज हाय." चहाच्या दुकानापाशी उभे राहिलो.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर म्हणाले, "हे मला माहीत होतं. नवीन काय सांगितलं तुम्ही?"

मी म्हटलं, "तुम्ही त्याच दिवशी माझं नाव का नाही घेतलं?"

तेव्हा मात्र ते चिडले. "घेतलं असतं तर? बाईंनी मानलं असतं? म्हटल्या असत्या, स्वतःची चोरी झाकायला आता घरच्या पोरावर ढकलतोय. दोनदा चोर झालो असतो, भाऊ. एकदाच झालो ते बरं."

मी दाखला पुढे केला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "आता डिसेंबरात कोण घेणार तिला? मुलीचं वर्ष गेलं. गाडीचं हेड बदलून मिळालं ना बाईंना? हे वर्ष कुठलं वर्कशॉप बदलून देतं?"

मी विचारलं, मी काय करू. म्हणाले, "तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. बाईंना एवढंच सांगा, जिथं बोलल्या तिथंच बोला. चिठ्ठीत नको, माझ्या घरी येऊन नको. त्याच फाटकात."

परतताना त्यांच्या दारावरून निघालो तेव्हा आतून माजिदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला ओळखलं नाही तिने. पाणी दिलं. सुताने बोटांना चिरा पडल्या आहेत तिच्या. मी पाणी प्यायलो. प्यायला नको होतं असं सारखं वाटतं.

यादव


नाशिक
१२ जानेवारी १९८७

यादव,

तू माझ्याबरोबर फाटकात उभा राहायला येतो म्हणाला होतास, मीच तार करून नको म्हटलं. त्या दिवशी तुझी जागा कल्याणला होती. तू तुझ्या जागी सांग, मी माझ्या. सांगितलंस की नाही ते कळव.

काल विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्यांना फाटकाशी थांबायला सांगितलं. कादरभाईंना कार्ड टाकलं होतं. ते आले, पण फाटकाच्या आत आले नाहीत. रस्त्यावर उभे राहिले.

मी सांगितलं, सील माझ्या भाच्याने तोडलं, गाडी त्याने तापवली, कादरभाईंनी काहीही केलेलं नाही. लंकाबाई लगेच म्हणाली, "जाऊ द्या बाई, झालं गेलं." मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही. मग ते वाक्य, जसंच्या तसं, पुन्हा उच्चारलं, आणि म्हटलं की हे मी बोलले होते, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं आणि कुणीही मला थांबवलं नव्हतं. म्हाताऱ्या सखुबाई म्हणाल्या, "पोराचं पाप तू कशाला डोक्यावर घेतेस, विमल?" मी म्हटलं, "गाडी पोराने तापवली. वाक्य माझं होतं."

मग मी फाटकाबाहेर जाऊन त्यांच्यासमोर हात जोडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मागच्या लोकांकडे पाहिलं, एकेकाकडे. म्हणाले, "ऐकलं, बाई." आणि स्टँडच्या दिशेने चालत गेले. चहा घ्या म्हणायचं धाडस मला झालं नाही.

विमल


इगतपुरी
१ फेब्रुवारी १९८७

आत्या,

सांगितलं. सुमनच्या वडिलांनी ऐकून घेतलं, चहाही दिला. काल नकाराचं पत्र आलं. लिहिलंय, गाडी नसण्याला आमची हरकत नव्हती. त्यांचं बरोबर आहे.

वर्कशॉपच्या साहेबांनाही पत्र टाकलं, सील कुणी तोडलं ते. त्यांच्या रजिस्टरात 'बाहेरच्या मेकॅनिककडून छेडछाड' असं लिहून ठेवलं होतं, ते खोडायला सांगितलं. खोडलं की नाही कळवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहीन.

यादव


नाशिक
२१ जून १९८७

चि. यादव,
आशीर्वाद. बऱ्याच दिवसांनी हा शब्द लिहिते आहे.

सोमवारी शाळा उघडली. अकराच्या सुमारास हमीदाबाई, कादरभाईंच्या पत्नी, ऑफिसात आल्या. बरोबर माजिदा होती. मी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "माजिदाचे अब्बा म्हणतात, शाळा काही बाईंच्या घरची नाही. मुलीनं शिकावं." मी म्हटलं, बरोबर म्हणतात. माजिदा भद्रकालीत मावशीकडे राहणार आहे. आईवडील मालेगावलाच. मी विचारलं, कादरभाई येतात का कधी नाशकात. त्या म्हणाल्या, "येतात. तुमच्या रस्त्यानं येत नाहीत." रागाने नाही म्हणाल्या. वेळापत्रक सांगावं तसं म्हणाल्या.

नाव पुन्हा नववीत घातलं. तिच्या बरोबरच्या मुली दहावीत गेल्या. ही मागच्या बाकावर, सगळ्यांत उंच.

नववीचा इतिहास माझ्याकडे आहे. मंगळवारी हजेरी घेतली. वर्णानुक्रमाने नावं येतात, त्यामुळे तिचं नाव कधी येणार ते मला आधीपासून दिसत होतं. "पिंजारी माजिदा कादर." ती उभी राहिली, बाकाकडे पाहत म्हणाली, "हजर, बाई," आणि बसली. पुढचं नाव मला वाचता येईना. मुली वाट पाहत राहिल्या. तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तीच आधी खाली पाहू लागली, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

तुझी
विमल आत्या